उन्हाच्या घराखालची खाण

नोकरीत शेकडो प्रकरणं हाताळली, पण राजूरकडच्या त्या पाच घरांचं प्रकरण अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

तेव्हा मी त्या भागात ठाणेदार होतो. एका जगप्रसिद्ध वास्तुशिल्पकाराच्या शैलीतली घरं विक्रीला आहेत, अशी पत्रकं गावोगाव लागली होती. एका रविवारी मी पत्नीला घेऊन पाहायला गेलो. प्लास्टर न केलेल्या विटा, जाळीच्या भिंती, मधोमध चौक आणि चौकात तसंच राखलेलं कडुनिंबाचं झाड. जाळीतून आलेले उन्हाचे कवडसे फरशीवरून सावकाश सरकत होते. बिल्डर स्वतः घर दाखवत होता आणि त्याचं सुंदर बोलणं आम्ही दोघं ऐकत राहिलो. एका भिंतीत विटांचा एक पट्टा जास्त लाल दिसला. मी विचारलं नाही. मला ते घर हवं होतं.

पुढच्याच आठवड्यात एक म्हातारा ठाण्यात आला. जन्मभर खाणीत काम केलेला माणूस.

"सायेब, त्या घराईखाली आमी कोयसा काढला. सारं पोकय आहे. वरतून माणसं राह्यले येऊन राह्यले."

जमादाराला म्हातारा चक्रम वाटला. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि बांधकामाच्या मिस्त्रीला बोलावलं. पहिल्या दिवशी त्याने टाळाटाळ केली. दुसऱ्या दिवशी मी त्याला त्या लाल पट्ट्याबद्दल विचारलं. त्याची मान खाली गेली.

"तडा गेलता, सायेब. मालकानं बुजवाले सांगतला. विटेचा भुगा करून रंग जुयवला."

मिस्त्रीचा जबाब मी बिल्डरला वाचून दाखवला. तोवर तो आपल्या घरांविषयी इतकं सुंदर बोलत होता, की लिहून घेणारा हवालदारही थांबून ऐकत होता. जबाब ऐकल्यावर त्याने पाणी मागितलं. म्हणाला, "वाटलं, हलकी घरं आहेत. तरून जातील." झडतीत त्याच्याच कपाटात त्या जागेखालच्या बोगद्यांचा जुना नकाशा सापडला. गुन्हा दाखल झाला, अटक झाली.

पण पाचांपैकी एका घरात माणूस राहत होता. एक निवृत्त शिक्षिका, एकट्याच. घर रिकामं करण्याचा तहसीलचा आदेश यायला वेळ होता, म्हणून मी स्वतः गेलो.

"जलमभर क्वार्टरात राह्यली मी," त्या म्हणाल्या. "हे पयलं घर, जिथं ऊन मले उठवते. कायले काढता मले इथून?"

म्हातारा माझ्यासोबत आला होता. तो चौकात गेला, फरशीवर आडवा झाला आणि कान टेकवला.

"खाली छत बोलते, बाई. पडाच्या आंधी खाणीचं छत असंच करकरते; आमी ते आयकूनच पयत होतो."

बाई त्याच्याजवळ बसल्या. मग त्यांनीही कान लावला. कडुनिंबाची सावली दोघांवर हलत होती. त्या उठल्या आणि कपडे पेटीत भरू लागल्या.

आठव्या दिवशी, भर दुपारी, बाईंच्या घराचा चौक झाडासकट खाली गेला. शेजारच्या शेतातल्या बाया म्हणाल्या, फार आवाजही झाला नाही. मी पोहोचलो तेव्हा भिंती उभ्या होत्या, आणि मधल्या काळ्या खड्ड्यावर जाळीतलं ऊन तसंच शांत पडलं होतं.

खटला चालला, बिल्डरला शिक्षा झाली. निकालानंतर मी वणीला शिक्षिकाबाईंच्या भाड्याच्या खोलीवर गेलो आणि विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला नेमकं काय ऐकू आलं?"

त्या हसल्या. "काईच नाही, सायेब. पण ते बुवा आयकून राह्यले होते ना, तवा मी त्याईच्या तोंडाकडं पाह्यलं. भेलं होतं ते. खोटं बोलणाऱ्याचं तोंड असं नसते."

मला खोटं ओळखायला शिकवून सरकारने तीस वर्षं पगार दिला. तरी सुंदर बोलणाऱ्यासमोर मी गप्प राहिलो होतो, आणि त्या बाईंनी भ्यालेला माणूस पाहून आपलं घर सोडलं.