परतीची अट

सर्जापूर रोडवरच्या ज्या ऑफिसात मी कामाला आहे, तिथून वापरलेल्या गाड्या ऑनलाइन विकल्या जातात. वकिलानं लिहिलेलं गिऱ्हाइकाला कळेल असं लिहायचं, हे माझं काम. निपाणीच्या मराठी शाळेत शिकलेली म्हणून वेबसाइटचं मराठी पान माझ्याकडे आलं आणि मी शेफारले.

वकिलाच्या मसुद्यात परतीची अट होती: सात दिवस किंवा तीनशे किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते. मला ते वाक्य रटाळ वाटलं. मी लिहिलं, "गाडी आवडली नाही? सात दिवसांत परत करा." किलोमीटरची भानगड खाली, "अटी पाहा" दाबल्यावर उघडणाऱ्या पानात ढकलली. मीटिंगमध्ये साहेबांनी माझं वाक्य पडद्यावर लावून वाखाणलं. वकील गप्प बसला. अट कुठेतरी छापलेली असली की त्याचं भागत होतं. मी मिरवत ते पान घरच्या ग्रुपवर टाकलं.

येलहंक्यात माझी थोरली बहीण राहते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दाजींना स्कूटर जमेना, बसची पायरी चढवेना. हिंडता-फिरता माणूस घरात कोंडला गेला. अक्कानं माझं पान वाचलं आणि गाडी घेतली.

आमच्याकडे घरात आलेलं वाहन, भले ते दुसऱ्यानं वापरलेलं असो, आधी सौंदत्तीला यल्लम्माच्या दारी न्यायचं. त्याआधी त्यातून भाजीसुद्धा आणायची नाही. शनिवारी पहाटे निघालो. अक्का चालवत होती, दाजी शेजारी, आणि मी मागे बसून चुरमुरे खात होते. तीनशे किलोमीटर कधी उलटले, मला पत्ताही नाही. जिनं ती अट नजरेआड केली, तिलाच ती आठवली नाही! कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. मला स्वतःलाच अजून खरं वाटत नाही.

रविवारी परतताना तुमकूरजवळ गिअर पडेना. गाडी ओढून घरी आणावी लागली. गल्लीतल्या मेकॅनिकनं खाली वाकून बघितलं आणि सांगितलं, "गिअरबॉक्स गेलाय, अक्का. परत देऊन टाका." घेऊन चारच दिवस झाले होते, त्यामुळे अक्का निर्धास्त होती. तिनं स्वतःच अर्ज भरला.

नकार आला. मी साहेबांकडे गेले, वकिलाकडे गेले. "अट सगळ्यांना सारखीच," वकील म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं, म्हणून मला त्याचा जास्तच राग आला.

संध्याकाळी अक्कानं फोनवर नकाराचं पत्र वाचून दाखवलं. "तुमची निराशा आम्ही समजू शकतो..." हा नमुनाही मीच लिहिलेला. पुढचा प्रत्येक शब्द मला पाठ होता. मागून दाजी विचारत होते, कंपनीची माणसं गाडी न्यायला कधी येणार म्हणून.

"अक्का, खाली अट होती गं," मी म्हटलं. "एकदा उघडून बघायचं होतंस."

बोलून गेले आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर बघितलं असतं," ती म्हणाली. "तू लिहिलंस म्हणून नाही बघितलं."