टँकरचा वार आणि चौऱ्याऐंशी कलम

बाररूममध्ये खटले निकाली निघतात, किस्से मात्र पेंडिंगच राहतात! आमच्या तालुका कोर्टात चौऱ्याऐंशी कलमाच्या किश्श्यांचे तर गठ्ठे साचलेत. गुन्हा करताना माणूस वेडाच्या भरात असेल, त्याला चूक-बरोबर कळत नसेल, तर शिक्षा नाही, असं हे कलम. दुष्काळात आमचे सीनियर नाना वकील दिसेल त्या पक्षकाराला विचारायचे, "काय बे, चौऱ्याऐंशी लावू का?"

*

धारूरकडचा नामदेव मारामारीत अडकला. नानांनी बजावलं, "काहीही विचारलं तरी नुसतं छताकडं बघायचं."

गड्यानं तासभर इमानदारीनं छत बघितलं. जज्जसाहेबांना जवळजवळ पटलंच होतं! तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. नामदेव ताडकन उठला, "ओ, माझी घागर चौथ्या नंबरला हाय! सकाळीच लावून आलतो. कुनी हलवू नका!"

नाना छताकडं बघत बसले.

*

दुसऱ्या एका खटल्यात दूध सोसायटीचे चेअरमन साक्षीला आले. नानांनी विचारलं, "आरोपीचं डोकं ठिकाणावर नसतं, खरं ना?"

"छ्या! पाच वर्षं आमचा डायरेक्टर व्हता की."

"मीटिंगमध्ये काय बोलायचा?"

"कायबी न्हाई. ठराव न वाचता सही करायचा. लई शहाणा मानूस!"

*

सखारामचं मात्र सोंग नव्हतं. गावात आलेल्या टँकरच्या ड्रायव्हरला त्यानं खाली ढकललं आणि सगळं पाणी कोरड्या नदीत सोडून दिलं. ड्रायव्हरचा हात मोडला. केस माझ्याकडं आली. सखारामची बायको गया दर तारखेला एकच विचारायची, "वकीलसाहेब, जेलात त्याला गोळ्या कोन देईल? मरंल तो तिथं."

डॉक्टरांनी साक्ष दिली, "सकाळी त्याला आज वार कोणता विचारलं, तर 'टँकरचा' म्हणाला. त्याला भान नाही."

मागून त्याच्याच गावचा पोलीस बोलला, "साहेब, बरोबर हाय त्याचं. आमच्याकडं आज टँकरचाच वार हाय!"

मी सोडून सगळं कोर्ट हसलं. सखाराम शहाणा ठरला असता तर गेलाच होता की आत!

मग जज्जसाहेबांनी सखारामलाच विचारलं, "गावाचं पाणी सांडलंस. ते चूक आहे, हे कळत होतं का तुला?"

"सांडलं कावून म्हणता साहेब? पाजलं. दोन वर्सं झाली, नदी हाका मारतीया. तुमाला न्हाई ऐकू येत?"

निकाल लागला. शिक्षा नाही, दवाखान्यात उपचार. गया ढसाढसा रडली. मीही डोळे पुसले, लाज कसली त्यात!

तीच नदी पुढं आमच्या कोर्टामागनं जाते. कोर्ट सुटल्यावर मी आणि स्टेनो तिकडून निघालो, तर काठावर जज्जसाहेब एकटेच उभे. त्यांनी डब्याच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि अख्खी बाटली नदीत ओतली.

मागं न बघताच म्हणाले, "हे रेकॉर्डवर घेऊ नका."