आईच्या मनगटासाठी पाठवलेलं घड्याळ

मुलीनं बंगळुरूहून तिच्या आईच्या साठाव्या वाढदिवसाला ते घड्याळ पाठवलं, तेव्हाच मला त्याचा संशय आला. ते पावलं मोजायचं, झोप मोजायचं, नाडी मोजायचं आणि ते सगळं तिकडे मुलीच्या फोनवर दिसायचं. कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये कुणी तिऱ्हाईत राहायला आलंय, असं मला वाटू लागलं. हिला मात्र ते आवडलं होतं. आंघोळीपुरतं काढायची, तेवढंच.

तीनेक आठवड्यांनी एका सकाळी ते थरथरलं. नाडी अनियमित आहे, डॉक्टरांना भेटा, असा संदेश होता.

"भीती घालून विकायचा धंदा आहे हा," मी म्हणालो. "उद्या डॉक्टर कुठला, हेसुद्धा घड्याळच सुचवेल, बघ."

"सुचवू दे. पण अहो, मला खरंच धडधडतंय."

"कधीपासून?"

"महिना होऊन गेला. तुम्हाला सांगून काय, ओवा खा म्हणाला असतात."

नारायण पेठेतल्या आमच्या डॉक्टरांकडे आम्ही तीस वर्षं जातोय. ते ह्या खेळण्याची चांगली हजेरी घेतील, ह्याच आशेनं मी हिला तिथे नेलं. त्यांनी हिचं मनगट धरलं आणि भिंतीकडे बघत पुरतं एक मिनिट ठोके मोजले. मग ईसीजी काढला.

"घड्याळ खोटं बोलत नाहीये," ते म्हणाले. "मधूनमधून ठोका चुकतोय. घाबरू नका, पण कारण शोधायला हवं. उद्या ह्या घेतात ती सगळी औषधं पिशवीत घालून आणा. चिठ्ठ्या नकोत. औषधं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. गोळ्यांच्या पट्ट्या एकेक उलटून पाहिल्या आणि त्यातल्या दोन बाजूला ठेवल्या.

"ह्यातली कुठली घेता?"

"दोन्ही," ही म्हणाली. "सकाळी उठल्यावर."

"दोन्ही का?"

हिनं माझ्याकडे पाहिलं. "नवी पट्टी आणली तेव्हा हे म्हणाले, जुनी सोडू नकोस. मला वाटलं, नवी जास्तीची दिलीय."

मला सगळं लख्ख आठवलं. दोन महिन्यांपूर्वी औषधवाल्याकडे हिची थायरॉइडची नेहमीची गोळी नव्हती. त्यानं दुसऱ्या कंपनीची दिली आणि म्हणाला, "काका, औषध तेच आहे." माझा विश्वास बसला नाही. मी आणखी तीन दुकानं फिरून जुनी मिळवली, घरी येऊन दोन्हींच्या तीन-तीन महिन्यांच्या पट्ट्या डब्यात टाकल्या आणि हिला बजावलं, "नव्याचा भरवसा नाही, जुनी सोडू नकोस." नवी घेऊ नकोस, हे सांगायचं राहिलं. म्हणजे मला ते सांगितल्यासारखंच वाटत होतं.

"दोन्हींत औषध एकच आहे," डॉक्टर म्हणाले. "दोन महिने दुप्पट डोस चाललाय." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "संशय जरूर घ्यावा माणसानं. पण पट्टीची मागची बाजूही वाचावी. तुम्ही तर मास्तर होतात."

रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. त्यांनी काही दिवस गोळी थांबवून पुन्हा एकच सुरू केली. दीड महिन्यात हिची धडधड थांबली. ह्या सगळ्यात हिनं मला एका शब्दानंही बोल लावला नाही, आणि तेच मला जड गेलं.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी मुलीला फोन केला आणि चूक माझी होती, हे सांगितलं.

"बाबा, आईचे ठोके वाढलेत हे मला पहिल्या आठवड्यापासून दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही आधी घड्याळ काढायला लावलं असतं."

खरंच होतं ते. लावलंच असतं.