पऱ्याची बाजू घेणाऱ्या काकू

गिरणीवाल्या काकूंना हळू बोलता येत नसे. नवरा गेल्यापासून पिठाची गिरणी त्याच चालवत. उभ्या आयुष्यातलं बोलणं इंजिनाच्या धडधडीवर आवाज चढवून केलेलं, त्यामुळे आवाज कायमचा वर चढून बसला होता. कानही थोडे गेलेले. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत हे त्या कुजबुजल्या तरी बाजारपेठेच्या दुसऱ्या टोकाला कळे. म्हणून बायका त्यांना गुपितं सांगत नसत, आणि पुढे त्या नगरपालिकेत निवडून आल्या तेव्हा पुरुषांनीही तेच केलं.

गावाचं नाव मी सांगणार नाही. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यातलं, सावित्रीकाठचं गाव, एवढं पुरे. नाव घेतलं तर ज्यांना झोंबायला हवं त्यांना काही होणार नाही आणि ज्यांचा संबंध नाही ते माझ्या दारात भांडायला येतील. गोष्ट सत्तरच्या दशकातली. स्त्रियांच्या राखीव जागांवर आम्ही दोघी निवडून आलो होतो. मी कापडदुकानदाराची बायको, मॅट्रिक झालेली. काकूंचं माहेर डोंगरातलं कुडपण, आणि त्या चौथी शिकलेल्या. सभागृहात दाराजवळचं एक बाक आम्हा दोघींना दिलं होतं आणि आम्हाला हळदीकुंकवाच्या मेंबर म्हणत. चहा आला की तो आम्ही उठून वाटावा अशी सगळ्यांची समजूत होती. काकूंनी पहिल्याच सभेत शिपायाला सांगितलं, "चा तूच वाट रे बाबा. घरी वाटतेच की. हितं मला मतं देऊन पाठवलंय." त्या दिवशी मी पदर तोंडाला लावून हसले, आणि मग आमची दोस्ती झाली ती झालीच.

वॉर्डातली माणसं तक्रारी घेऊन काकूंकडे जायची ती दळणाचा डबा घेऊनच. तांदूळ गिरणीच्या वरच्या पाळ्यात पडायचे, खालून पीठ यायचं आणि वरून तक्रार चालायची. लेखी अर्ज काकू घेत नसत. "कागद काय करू? बोल. लक्षात ऱ्हाईल," म्हणत. आणि खरंच राहायचं, तेही शिव्यांसकट. बुद्धवाडीतल्या सुमनबाई त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाईक. त्यांच्या नळाला पाणी येत नव्हतं तेव्हा काकूंनी भर सभेत, "सुमन म्हनते, नळ बसवणाऱ्याच्या तोंडात माती पडो," असं जसंच्या तसं सांगितलं होतं. अध्यक्ष म्हणाले, काकू, हे इतिवृत्तात कसं लिहायचं? काकू म्हणाल्या, "पानी आलं की खोडून टाका." आठवड्यात पाणी आलं.

आता पऱ्याबद्दल सांगते, कारण सगळं त्याच्यापायी घडलं. डोंगरातून उतरणारा आमच्या गावचा पऱ्या, म्हणजे ओढा, बाजारपेठेच्या मागून, काकूंच्या गिरणीच्या पाठीला चिकटून, बुद्धवाडीच्या कडेनं सावित्रीला मिळायचा. आषाढात त्याचा आवाज ऐकून झोपमोड व्हायची. पण होळी झाली की तो कोरडा पडे आणि सगळं गाव त्याच्या पात्रातून चालायचं. बैलगाड्या जायच्या, कोळणी पाट्या घेऊन जायच्या, वरातसुद्धा मी त्यातून जाताना पाहिली आहे. आणि नगररचनेची माणसं गावाची मोजणी करायला आली ती नेमकी वैशाखात. त्यांना दिसली गाड्यांची रहदारी आणि माणसांची ये-जा. त्यांनी पऱ्याला रस्ता म्हणून नकाशात घातलं. शहाण्या माणसाकडूनही अशी चूक होऊ शकते, त्याबद्दल मी त्यांना बोल लावत नाही.

पण गावात ही चूक कुणाला कळली नाही असं कुणी म्हणालं तर त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटते. प्रारूप आराखडा सभागृहाच्या भिंतीवर लागला, तेव्हा शेंबड्या पोरालासुद्धा समजलं की ही तांबडी रेघ म्हणजे पऱ्या. समजून सगळे गप्प. रस्ता झाला की मागच्या बाजूच्या परसांना भाव येणार होता, दुकानांचे गाळे निघणार होते. खरा रस्ता काढायचा तर बाजारपेठेत सगळ्यांनी पुढे ओढून घेतलेले ओटे पाडावे लागले असते, त्यात आमच्या दुकानाचाही ओटा होता. पऱ्याला मात्र कुणी वालीच नव्हता.

सभेला नगररचनेचे साहेब स्वतः आले होते. ते येण्याआधी अध्यक्षांनी कानोकानी निरोप फिरवला की कुणी पऱ्याचा विषय काढू नये, ओढ्याला सरकार पैसा देत नाही, रस्त्याला देतं. निरोप बाकांवरून सरकत माझ्यापर्यंत आला. मी तो काकूंच्या कानात सांगितला, पण सांगता सांगता साहेब आत येऊन बसले होते. काकूंनी विचारलं, "म्हंजे पऱ्याच नाय म्हनायचं?" त्यांच्या मते त्या कुजबुजल्या होत्या. साहेबांनी मान वर केली. "कुठला ओढा?" अध्यक्ष घाईघाईनं म्हणाले, "पावसाचं थोडंफार पाणी येतं साहेब, गटार आहे." काकू उठून उभ्या राहिल्या. "गटार? तुझा बाप त्यात पवायला शिकला रे. मीच बघितलाय." सभेत हशा पिकला, पण अध्यक्ष हसले नाहीत.

साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, आराखडा आता प्रसिद्ध झाला आहे, हरकत असेल तर मुदतीत द्या, सुनावणी होईल. काकूंनी हरकत दिली. सुनावणीला मी त्यांच्याबरोबर गेले. साहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "बाई, यात तुमची कुठली जागा जाते?" काकू म्हणाल्या, "माझी नाय जात. पऱ्याची जाते." साहेब म्हणाले, जागा ज्याची जाते त्याचीच हरकत आधी ऐकायची असते, ओढ्याच्या नावावर काही उतारा आहे का? काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्ही आषाढात या. माझ्याकडे जेवायला या. तांदळाची भाकरी न् सुकटीची चटनी घालते. जेवून मागच्या दारात हात धुवायला उभे ऱ्हावा, मंग तुमच्या हातानंच ती रेघ पुसा." साहेब म्हणाले, पावसाळ्यात मोजणी होत नाही. "मंग पऱ्यापन उन्हाळ्यात होत नाय," काकू म्हणाल्या. साहेबांना हसू आलं, आणि हसत हसतच त्यांनी हरकत निकाली काढली.

बाहेरच्यांचं काकूंना एवढं वाटलं नाही. काकूंच्या स्वतःच्या वॉर्डाला रस्ता हवा होता हे त्यांना जास्त लागलं. त्या लोकांचंही काही खोटं नव्हतं. पावसात आजारी माणसाला खाटेवर घालून मुख्य सडकेपर्यंत न्यावं लागे. काकू घरोघर जाऊन सांगत, "रस्ता पायजेच. मी कुठं नको म्हनते? बाजारातून घ्या, ओटे पाडा न् घ्या. पऱ्या बुजवू नका." लोक मान डोलवत आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या मागणीवर सही करत. मधूनंही सही केली. मधू म्हणजे काकूंचा एकुलता एक मुलगा. गिरणीच्या मागच्या अंगाला दोन गाळे काढायचं त्याच्या मनात होतं. "आये, पीठ दळून किती दिवस काढायचे?" तो मला ऐकू जाईल अशा बेतानं त्यांना म्हणाला होता. काकू पाळ्यात तांदूळ ओतत राहिल्या. एकट्या सुमनबाई त्यांच्या बाजूनं बोलत, कारण पऱ्या नदीला मिळतो त्या तोंडावरच त्यांचं घर होतं.

सभेत रस्त्याच्या कामावर मतदान झालं तेव्हा विरोधात आमचे दोघींचेच हात होते. घरी आल्यावर यजमान म्हणाले, "ओटा तुझ्या माहेरचा नव्हता, म्हणून हात वर गेला." त्यानंतर बरेच दिवस आमच्यात मीठ वाढ, पाणी दे, एवढंच बोलणं होतं. काकूंना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "वैनी, तुला घर हाय, सांभाळ गो. पुढच्या वेळी हात खाली ठेवलास तरी मी बोलनार नाय." अशी माणसं आपल्याला मोकळं करतात आणि त्यामुळेच आपल्याला सुटता येत नाही.

रस्ता झाला. खाली सिमेंटचे नळ टाकले, वर भराव, खडी, डांबर. काकू रोज मागच्या दारात उभ्या राहून काम बघत. कंत्राटदाराला एकदा म्हणाल्या, "ह्या नळकांड्यातून माझ्या गिरणीचं पीठ जायाचं नाय, डोंगराचं पानी कसं घालवतोस?" उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले. नंतरच्या निवडणुकीत मी पुन्हा निवडून आले आणि काकू पडल्या. त्या पडल्या त्या त्यांच्याच वॉर्डात. विकासाच्या आड येणारी बाई असा प्रचार झाला होता. ज्यांचं दळण त्यांनी सणासुदीला फुकट दळून दिलं होतं ते मिरवणुकीत गुलाल उधळत गिरणीवरून गेले. मला तेव्हा इतका संताप आला की मी त्यातल्या दोघांच्या बायकांशी आजतागायत बोलत नाही.

मग दोन-चार पावसाळे बरे गेले आणि लोक काकूंना चिडवू लागले, काय काकू, कुठाय तुमचा पऱ्या? एका आषाढात तो आला. सावित्रीचं पाणी चढण्याची गावाला सवय होती, सगळे नदीकडे डोळे लावून बसले होते. हे पाणी डोंगराकडून, पाठीमागून आलं. नळ गाळानं बुजले होते, त्यामुळे सगळा लोंढा डांबरी रस्त्यावरून सुसाट बुद्धवाडीत घुसला. सुमनबाईंची भिंत बसली. त्यांचे सासरे अंथरुणाला खिळलेले होते, त्यांना बाहेर काढता आलं नाही. गिरणीत कमरेएवढं पाणी होतं आणि लोकांच्या पिठाचा चिखल सगळ्या आळीत पसरला होता.

पाणी ओसरल्यावर अध्यक्ष पाहणीला आले. सुमनबाईंच्या पडक्या घरासमोर उभे राहून म्हणाले, "निसर्गापुढे कुणाचं काय चालतं?" काकू तिथंच होत्या, चिखलानं भरलेल्या. त्या म्हणाल्या, "निसर्गावर घालू नको रे. त्याची वाट तुम्ही इकलीत." मला वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल. पण लाज वाटायला ती आधी असावी लागते. पंचनामा झाला तेव्हा नकाशा काढून दाखवण्यात आलं की सुमनबाईंचं घर रस्त्याच्या हद्दीत आहे, म्हणजे अतिक्रमण, म्हणून मदत मिळणार नाही. घर त्यांच्या आजेसासऱ्यानं बांधलेलं होतं. रस्ता नंतर आला होता.

काकू सुमनबाईंना घेऊन महाडला कचेरीत खेटे घालू लागल्या. आता त्या मेंबर नव्हत्या, बाहेरच्या बाकावर बसवत. कारकून म्हणायचा, "बाई, इथं ओढा कुठं आहे? दाखवा नकाशात." काकू बोट ठेवायच्या, आणि त्या बोटाखाली रस्ता असायचा. एकदा त्या तिथं इतक्या मोठ्यानं बोलल्या की शिपायानं त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. हे त्यांनी मला एसटीतून उतरल्यावर सांगितलं. सांगताना डोळ्यांत पाणी होतं, पण रागाचं. "मला धरलं त्याचं काय नाय गो. सुमन बघत व्हती." पुढच्या उन्हाळ्यात सुमनबाई बिऱ्हाड घेऊन मुंबईला भावाकडे गेल्या. जाताना त्यांनी गिरणीपाशी टेम्पो थांबवला, पण काकू बाहेर आल्या नाहीत. तोंड कसं दाखवायचं, म्हणाल्या.

त्यानंतर काकू खचल्या. गिरणी मधूनं बंद केली, गाळे निघाले, एकात चपलांचं दुकान आलं. काकू गेल्या तेव्हा ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. दुखणं असं काही फार झालं नाही. डॉक्टर म्हणाले वय झालं. मला ते पटलं नाही, अजून पटत नाही.

माजी सभासद म्हणून नगरपालिकेच्या सभेत त्यांच्या दुखवट्याचा ठराव आला. अध्यक्ष तेच होते. ते उठले, घसा साफ केला आणि काकूंबद्दल बोलू लागले. परखड, पण मनानं निर्मळ, आम्हा सर्वांना आईसारख्या वगैरे. मी खाली मान घालून ऐकत होते. मग ते म्हणाले, "आज गावाची शान असलेला हा जो मागचा रस्ता आहे, त्याच्या कामी काकूंनी केलेली धडपड गाव कधी विसरणार नाही. जुन्या कागदांत पाहा, या रस्त्याच्या प्रत्येक विषयात काकूंचं नाव आहे." बाकांवरच्या माना हलल्या. तिथं बसलेल्या निम्म्या लोकांना खरं काय ते माहीत होतं. नवीन पोरांना माहीत नव्हतं, त्यांनी ते तसंच खरं मानून घेतलं असणार. दोन मिनिटं उभं राहून ठराव एकमतानं मंजूर करावा, असं अध्यक्ष म्हणाले.

सगळे उभे राहिले. मी बसून राहिले. शेजारच्या सभासदानं मला कोपरानं ढोसलं. मी म्हटलं, "माझा या ठरावाला विरोध आहे. तसा लिहा." अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, दुखवट्याच्या ठरावाला विरोध करायचा नसतो." मी म्हटलं, "बाई मेली तिचं दुःख मला तुमच्यापेक्षा जास्त आहे. तुम्ही तिला आत्ता दुसऱ्यांदा मारलीत, त्याला माझा विरोध आहे." कारकुनानं अध्यक्षांकडे पाहिलं आणि लिहिलं. बाकी सगळ्यांनी दोन मिनिटं पाळली.

गावात अजून सांगतात की जिवाभावाच्या मैत्रिणीच्या दुखवट्याला विरोध करणारी बाई हीच. आमच्या सुनेलाही कुणी तरी बाजारात सांगितलं, ती घरी येऊन मला विचारत होती खरं का म्हणून. मी हो म्हटलं.