साइडबोर्ड विकणे आहे

अकोल्याचे सुतार दौलत मिस्त्री दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला आधी लाकडी सामानाचे दोष दाखवायचे आणि मगच बसायला स्टूल द्यायचे. कित्येक जण स्टुलापर्यंत पोचतच नसत. मी शेजारच्या खोलीत राहणारा मास्तर. एकोणीसशे साठ-एकसष्टच्या सुमारास त्यांनी अमरावतीच्या एका लिलावातून मोडका सागवानी साइडबोर्ड आणला. साहेबलोकांच्या जेवणाच्या खोलीत काचसामान ठेवायचं ते लांबट, बुटकं कपाट. आमच्या पंगती जमिनीवर. याचं करायचं काय, हेच कोणाला कळेना. महिनाभर खपून मिस्त्रींनी तो नीट उभा केला आणि पाटी लिहायला मला बोलावलं.

“लिवा गुरुजी, मागची फळी नवी हाय. डावा पाय जोडेल हाय.”

“मिस्त्री, विकायचा आहे ना?”

“मंग? घरी नेल्यावर समजण्यापरीस इथंच समजलेलं बरं.”

“आणि पॉलिश कोणाचं लिहू?” मी मुद्दामच विचारलं.

मिस्त्री रंध्याची धार पाहू लागले. पॉलिश कौसल्येचं होतं, त्यांच्या विधवा मुलीचं. स्पिरिटमध्ये चपडा लाख विरघळवून, कापडाच्या बोळ्यानं ती दिवसदिवस घासत असे, तेही आतल्या खोलीत, दार लावून. बाईचा हात लागला म्हटलं की लोक काम देणार नाहीत, ही मिस्त्रींची धास्ती.

“बाबा, फळी दाखवता, पाय दाखवता, अन् मलेच काहून लपवता?” कौसल्या दारातून म्हणाली. “उद्या तुमी नसान, तवा माह्यापाशी कोण येईन?”

मिस्त्रींनी रंधा उचलून फळी तासायला घेतली. एवढा खरा माणूस, आणि घरात असा! मला त्यांचा रागच आला. पाटी अर्धवट सोडून मी उठलो.

चार दिवसांनी गावातले एक डॉक्टर आले, तेव्हा मी दुकानाच्या दारातच होतो. सगळे दोष त्यांनी शांतपणे ऐकले, मग साइडबोर्डवरून हात फिरवला. “मिस्त्री, काय हात आहे हो तुमचा!”

मिस्त्रींनी टोपी काढली, पुन्हा घातली. “माह्या हातचं नाही साहेब. हे माह्या पोरीचं काम हाय. कौसल्ये, बाहीर ये.”

डॉक्टरांनी हात मागे घेतला. झालं, गेलं गिऱ्हाईक, असं मला वाटलं. पण त्यांनी तिलाच विचारलं, “गरम कप ठेवला तर?”

“पांढरा डाग पडन. खाली बशी ठेवा लागते.”

“बापाचीच लेक!” डॉक्टर मोठ्यानं हसले. “हा उद्या नेतो. आणि बाई, घरच्या खुर्च्याही तुम्हीच करून द्या.”

त्यानंतर आतल्या खोलीचं दार लागलेलं मी पाहिलं नाही.

सात-आठ वर्षांनी मिस्त्री गेले. तेरवीला आम्ही दुकानासमोर बसलो असताना बाळापूरचा एक माणूस मोडकी खुर्ची खांद्यावर घेऊन आला.

“कौसल्या मिस्त्रीचं दुकान हेच काय जी?”

दौलत मिस्त्री कोण, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मला रडू आवरेना. हे ऐकायला मिस्त्री हवे होते.