निळी न झालेली मुळं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी माझ्या फजितीचे किस्से तिखटमीठ लावून ऐकवत असतो. हा एक मात्र सांगवत नाही.

सुरुवात तशी हसण्यासारखीच आहे. नगरला एमएस्सी करताना लॅबमध्ये मुळं रंगवायचं काम माझ्याकडे होतं. मुळांच्या आत एक बुरशी राहते, झाडाला लांबचं अन्नपाणी आणून देते. पण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मुळं आधी कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळून पारदर्शक करायची, मग व्हिनेगरमध्ये शाई कालवून त्यात. बुरशी निळी होते, सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. व्हिनेगर नसलं तर शाई बुरशीला धरत नाही.

आणि व्हिनेगर कुठं होतं? आमच्या पोटात! बाटली मी होस्टेलवरच्या मंचुरियनमध्ये रिकामी केली होती. मग शाई पाण्यातच कालवली — कोण बघतंय?

मुळं वनिताची होती. जामखेडकडची पोरगी, मला एक वर्ष ज्युनिअर. तिकडच्या माळावरच्या हिवराच्या झाडाच्या बुडातली बुरशी तिनं कुंड्यांमध्ये मक्याच्या मुळांवर वाढवली होती. सुट्टीतही घरी न जाता पाणी घातलं होतं. तिचा सगळा प्रकल्प त्या कुंड्यांवर उभा. मी भिंगातून पाहिलं — निळं काहीच नाही. ‘शून्य’ म्हणून लॅबच्या सरांना ऐटीत सांगून मोकळा झालो.

सर तिला म्हणाले, “तुझी बुरशी मेली गं. कुंड्या रिकाम्या कर, दुसरा विषय घे.”

इथवर चूक होती, नाही का? चुकीला माणूस हसू शकतो. पण मला शंका आली. दुकानातून व्हिनेगर आणलं, उरलेली मुळं गुपचूप पुन्हा रंगवली. काय दिसलं असेल? मुळं निळ्या धाग्यांनी खच्चून भरलेली.

कुंड्या तेव्हा — हेच सांगायचं होतं — कुंड्या तेव्हा अजून बाहेर उभ्या होत्या. सर समोरच्याच खोलीत बसले होते. नुसतं तोंड उघडायचं होतं. एरवी ज्या तोंडाला कुलूप नसतं, ते तोंड. पण वर्ग हसेल, सर झापतील... एवढंच. खरंच एवढंच.

मी बाहेर गेलो आणि तिला कुंड्या उचलू लागलो. खताच्या खड्ड्यात एकेक पालथी घातली. ती मुळांची वाळू झटकून बघत होती.

“लई जीव लावला हुता ह्यांना,” ती म्हणाली. “बाकीचे नुसते बघत्यात. तुमीच तेवढे आलात, दादा.”

वनिता आता पारनेरला शिकवते. ती बुरशी तिला पुन्हा मिळाली नाही. परवा सुप्याला एका लग्नात भेटली, नवऱ्याला हाताला धरून माझ्यासमोर घेऊन आली. “हेच ते दादा. त्या दिवशी माझ्याबरोबर हेच एकटे उभे राहिले.”

नवऱ्यानं मला वाकून नमस्कार केला. मी म्हणालो, “अहो, त्यात काय एवढं.”