धुक्यासाठी उघडलेले पेव

सरलाबाई वसमतकरांनी आयुष्यात जितके अर्ज लिहिले, तितकी पत्रे लिहिली नसतील. नळाला गढूळ पाणी आले की अर्ज. शाळेच्या फाटकासमोर पानटपरी उभी राहिली की अर्ज. कनेरगाव नाक्याकडे जाणाऱ्या जीपवाल्याने टपावर माणसे बसवली की अर्ज. हिंगोलीच्या एका कन्याशाळेत त्या संस्कृत शिकवीत. मुलींनी त्यांना 'अर्जबाई' हे नाव ठेवले होते, आणि ते आपल्याला ठाऊक आहे हे बाईंनी मुलींना कधी कळू दिले नाही. एकाही अर्जाचे समाधानकारक उत्तर त्यांना मिळाले नव्हते. तरीही अर्ज लिहिणे थांबले नव्हते, कारण जो एक आरोप त्यांच्यावर स्वतःवर झाला होता, त्याविरुद्ध अर्ज करायला जगात कचेरीच नव्हती.

आरोप असा. अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात त्यांच्या आई याच घरात उष्म्याने गेल्या. बाईंनी पुण्याला भावाला दोनदा फोन केला होता. "बघतो ताई," असे तो दोन्ही वेळा म्हणाला होता. आणि आई गेल्यावर आलेल्या पुष्करने भरल्या घरात, नातलगांच्या देखत म्हटले, "घर आहे की भट्टी! ताईनं वेळेवर कळवलं असतं तर आई आज असती." तो पुण्याचा, मोठ्या पगाराचा, शिवाय रडत होता. लोकांनी त्याचे खरे मानले.

दोन हजार सहा सालच्या एप्रिलात तोच पुष्कर दारात गाडी उभी करून एक पिंजरा घेऊन उतरला. मागोमाग त्याची मुलगी जान्हवी. पिंजऱ्यात करड्या रंगाचा, सशाचे कान आणि खारीची शेपटी एकत्र केल्यासारखा एक जीव अंग आक्रसून बसला होता.

"आत्या, हा धुक्या. चिंचिला आहे."

सरलाबाईंचे यजमान दत्तोपंत चष्मा वर करून म्हणाले, "कुठल्या चिंचोलीचा?"

"चिंचोलीचा नाही हो काका! त्याचे पूर्वज थंड डोंगरावरचे. त्याला ऊन चालत नाही. पंचविसाच्या वर गेलं की त्रास होतो."

दत्तोपंतांनी अंगणाकडे पाहिले. तिथे सकाळच्या प्रहरीच उन्हाने डोळे दिपत होते. "पंचवीस? आमच्याकडं पंचवीस रात्री पण न्हाई होत, बाळा."

पुष्करला कंपनीने दोन महिने सिंगापूरला धाडले होते, कुटुंबासह. पुण्यात विश्वासाचे कोणी नव्हते म्हणे. बाई नकार देणारच होत्या; पण निघताना पुष्कर उंबऱ्यात थांबून अर्धवट हसत म्हणाला, "सांभाळ हं ताई. उन्हाळा आहे." त्या हसण्यात आठ वर्षांपूर्वीचे ते वाक्य जसेच्या तसे होते. बाईंनी पिंजरा घरात ओढून घेतला.

हा जीव या घरात मरता कामा नये. पुढचे दोन महिने त्यांना दुसरे काही सुचले नाही.

पहिला दोष दुकानदाराच्या पिंजऱ्याचा निघाला. भरमसाट किंमत घेतलेल्या त्या पिंजऱ्याचा तळसुद्धा तारेचा. धुक्याचा मागचा पाय जाळीत अडकून सुजला. बाईंनी दुकानदाराला उद्देशून मनात एक कडक अर्ज लिहिला आणि स्वयंपाकघरातले दुधाचे जाळीचे कपाट रिकामे केले. हातभर रुंद, कमरेएवढे उंच, बारीक जाळीचे. जनावर लाकूड कुरतडते म्हणून त्यांनी त्यावरचा हिरवा रंग काचेच्या तुकड्याने खरवडून काढला, अधली फळी अर्धी कापून बसायला ओटा केला, तळाला कोरडा कडबा पसरला. अंग घोळायला जान्हवीने दिलेली भुकटी पितळी परातीत ठेवली.

"आन् दूध कुठं ठेवायचं?" दत्तोपंत म्हणाले.

"तुमच्या पोटात. नाही तरी तिथंच जातं."

भांडी घासायला येणाऱ्या भिकाबाईने कपाटात डोकावून तोंडावर पदर घेतला. "काहून वो बाई, उंद्रासाठी कपाट? आमच्या घरी फुकट हायेत, पाठवू का दोन?"

"उंदीर नाही तो."

"मिशा तर उंद्राच्याच दिसून राहिल्या."

कपाट सोपे होते. कठीण होती हवा. वातानुकूलन यंत्र त्यांच्या घराच्या ऐपतीतले नव्हते. आणि असते तरी चालवायचे कशावर? वीज दुपारी ठरलेल्या वेळी जाई आणि न ठरलेल्या वेळी येई. बाईंनी हिंगोलीत कोणीही करील तेच केले. कपाट वाळ्याच्या कूलरसमोर ठेवले आणि वीज गेली की त्यावर ओले गोणपाट घातले. माठ असाच गार होतो, टरबूज असेच गार होते, तापाने फणफणलेले लेकरूसुद्धा असेच गार करतात. आईलाही त्यांनी असेच ओल्या चादरीत ठेवले होते.

तिसऱ्या दिवशी धुक्याने खाणे सोडले. बाईंनी हात आत घातला. वरून रेशमासारखे वाटणारे केस मुळाशी दमट होते, त्यांतून कुबट वास येत होता, कान लाल आणि कढत. त्या दाट लोकरीत शिरलेला ओलावा बाहेर निघतच नव्हता. अंगावर ओले पांघरूण आणि आत भट्टी अशी त्याची गत झाली होती. बाईंनी गोणपाट ओढून फेकले आणि कूलर बंद केला. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले; "मॅडम, मी म्हशीचा डॉक्टर. एवढं कळतं की कोरडं पाहिजे आन् गार पाहिजे," एवढे बोलून चहा पिऊन गेले.

कोरडे आणि गार. वैशाखातल्या हिंगोलीत या दोन गोष्टी एका ठिकाणी मिळतात कुठे?

बाई परसदारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांचा पाय ज्या फरशीवर पडला, तिच्याकडे त्यांनी खाली पाहिले. फरशीखाली पेव होते. सासऱ्यांच्या काळी जवळच्या गोरेगावच्या शेतातली ज्वारी या जमिनीखालच्या कोठारात भरली जाई. तोंड आडासारखे अरुंद, आत पोट मोठे. ज्वारीला ओल लागू नये आणि ऊब लागू नये म्हणून खणलेले. ज्वारी बंद झाल्यावर, "ते पेव बुजवा, कोणी तरी पडून मरेल," असे बाई यजमानांना वर्षानुवर्षे सांगत आल्या होत्या, आणि "बुजवू की," असे म्हणून दत्तोपंतांनी एक घमेले मातीसुद्धा टाकली नव्हती. यजमानांच्या आळसाचे आभार मानण्याची वेळ बाईंवर प्रथमच आली. त्यांनी ते मानले नाहीत.

बंद पेवात हवा मरते, हे त्या मुलखात पोरालाही ठाऊक असते. फरशी सरकवून सोडलेला कंदील पहिल्या दिवशी निम्म्यावरच विझला. दोन दिवस तोंड उघडे ठेवले, दोराला उघडी छत्री बांधून ती खालीवर करून आतली हवा घुसळली. मग कंदील तळाशीही जळत राहिला. तीन बांबूंची तिकटी उभी राहिली, तिला कप्पी. कपाटात बाईंनी स्वयंपाकघरातला दगडी पाटाही ठेवला, की तो खाली गार पडावा आणि धुक्याने त्यावर पोट टेकावे. सकाळी ऊन चढले की कपाट खाली, शेजारी हवा पारखायला जळता कंदील; दिवेलागणीला वर. तिसऱ्या दिवशी धुक्याने कडबा खाल्ला. रविवारी सिंगापूरहून जान्हवीचा फोन आला तेव्हा बाई म्हणाल्या, "खातो आहे."

निकालाच्या कामासाठी त्यांना शाळेत जावे लागले, तो दिवस त्या उन्हाळ्यातला सर्वांत तापलेला होता. रस्त्यात कुत्रेही दिसत नव्हते. दुपारी परत येऊन त्या थेट परसात गेल्या, आणि जागच्या जागी थिजल्या. पेवावर फरशी होती.

"अहो!" इतक्या मोठ्याने ही हाक त्यांनी संसारात कधी मारली नव्हती.

दत्तोपंत धोतर सावरत आले. "झळा काय मारून राहिल्या होत्या! आत जातील म्हणून लावली. आमच्या वडिलांनी पेव कधी उघडं ठेवलं नाही."

"वडील आत ज्वारी ठेवत होते! श्वास घेते का ज्वारी? आणि कंदील? कंदील आत जळतो आहे ना? उरलेली हवा तोच खाईल!"

दोघांनी फरशी ढकलली. खाली काळोख होता. कंदील विझला होता. दत्तोपंतांनी पाय आत टाकला.

"मागे व्हा," बाई म्हणाल्या. "त्याच्यापायी मला कुंकू पुसायचं नाही. दोर ओढा."

दोर ओढला. कपाट हलले, चढले, आणि तोंडाशी येऊन तिरके अडकले. भिकाबाई हातातले भांडे टाकून धावली, तिघांनी हिसका दिला, तशी जाळी दगडाला घासून कर्कश वाजली आणि कपाट वर आले. धुक्या पाट्याजवळ कुशीवर पडला होता. मिशाही हलत नव्हत्या.

"पानी मारा, बाई, पानी!" भिकाबाईने तांब्या उचललाही होता.

बाईंनी तिचे मनगट धरले. "एक थेंब नाही."

"आवो, जीव चाल्लाय त्याचा!"

"पाण्यानंच जाईल. ठेव खाली."

त्यांनी पाटा बाहेर ओढला. पेवातला गारवा त्या काळ्या दगडात अजून शाबूत होता. त्यांनी तो भिंतीच्या सावलीत ठेवला, त्यावर धुक्याला पोटावर निजवले आणि शाळेतून आणलेल्या निकालाच्या पुठ्ठ्याने वारा घालू लागल्या. दत्तोपंत देवाचे नाव घेत असावेत. ओठ हलत होते. बाई मात्र बोटाखालच्या बरगड्यांत काही हलते का ते शोधीत होत्या, आणि आठ वर्षांपूर्वीच्या दुपारी आईच्या मनगटावरही हीच बोटे अशीच शोधीत बसली होती, हे त्यांना नको असताना आठवत होते.

मग बरगडी उचलली. एकदा. थांबून, पुन्हा. थोड्या वेळाने एक कान फिरला, आणि धुक्याने डोळा उघडून भिकाबाईकडे पाहिले.

"उंद्रानं डोळा मारला वो," भिकाबाई म्हणाली आणि मटकन खाली बसली.

त्यानंतर फरशी परसाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली गेली आणि दत्तोपंतांना तिच्याजवळ जाण्याची बंदी झाली.

जूनमध्ये पुष्कर आला. जान्हवी गाडीतून उतरून थेट परसात धावली. आपण काय काय केले हे भावाला सांगायचे वाक्य बाईंनी दोन महिने घासूनपुसून तयार ठेवले होते. पुष्कर पेवात डोकावला, कप्पीकडे पाहून हसला, आणि मुलगी ऐकत नाहीसे बघून हळूच म्हणाला, "ताई, केवढा हा खटाटोप! गेला असता तर तसाच दुसरा आणला असता. तिला कळलंही नसतं."

तयार वाक्य बाईंच्या ओठांवरून नाहीसे झाले.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आईच्या वेळी दुसरी आणायची सोय नव्हती. म्हणून तू माझं नाव सांगितलंस."

पुष्करचा चेहरा उतरला. तो दत्तोपंतांकडे वळला. भाऊजींनी परसातल्या फरशीकडे नजर लावली होती. "ताई, तेव्हा मी..." तो म्हणाला आणि पुढचे शब्द त्याला सापडले नाहीत. बाईंनीही ते पुरवले नाहीत. मुलींच्या तोंडी परीक्षेतसुद्धा त्या कधी पुरवीत नसत.

जान्हवी धुक्याला छातीशी धरून आली. "आत्या, तो जाड झालाय!"

"दुपारी त्याला पाट्यावर बसायची सवय लागली आहे," बाई म्हणाल्या. "पाटा घेऊन जा."

"एवढा दगड?" पुष्कर म्हणाला.

"एवढाच. उचल."

त्याने उचलला. परसापासून गाडीपर्यंत त्याला तो दोनदा खाली ठेवावा लागला, आणि दोन्ही वेळा सरलाबाई शेजारी उभ्या राहून, तो पुन्हा उचलेपर्यंत थांबल्या.